अर्ध्या वाटेवर राहिलेली वारी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आषाढी एकादशी झाली की सगळ्या महाराष्ट्राची वारी संपते. आमच्या नर्सीची मात्र तेव्हा कुठे सुरू होते. पंढरपूरला जाऊन आलेले वारकरी पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला आमच्या गावी येतात. तिला परतवारी म्हणतात. विठोबाला भेटून झालं, आता त्याच्या लाडक्या नामदेवाला त्याच्या जन्मगावी भेटायचं आणि मग घराची वाट धरायची, असा हा रिवाज. त्या दिवशी कयाधूच्या काठावर पाय ठेवायला जागा नसते. वरून पाऊस, खाली चिखल आणि मध्ये टाळांचा आवाज.

माझे अब्बा शिंपीकाम करायचे. नामदेव महाराजही शिंपी. त्यामुळे गावातले थट्टेनं म्हणायचे, ‘मास्तर, तुम्ही तर महाराजांच्या धंद्यातले.’ अब्बा हसायचे. परतवारीच्या आधीचे आठ दिवस त्यांच्या मशीनचं चाक थांबत नसे. पिशव्या, सदरे, पताकांच्या कडा, काय काय शिवायला यायचं.

गोष्ट १९८९ सालची असावी. तेव्हा आमचं नर्सी परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती. परतवारीच्या रात्री कुणीतरी एका पत्र्याच्या शेडमध्ये भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ आणून सिनेमा लावला होता. सिनेमा होता ‘पंढरीची वारी’. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. चार पुस्तकं वाचून झाली होती आणि जगातल्या सगळ्या भोळेपणावर हसायचा परवाना आपल्याला मिळालाय असं वाटायचं ते वय. पडद्यावर एक भाविक कुटुंब वारीला निघतं, वाटेत त्यांना एक लहान मुका मुलगा भेटतो, आणि हा मुलगा म्हणजे कोण हे बघणाऱ्याला कळतं, पडद्यावरच्यांना कळत नाही. मी मनातल्या मनात हसत होतो. शेजारी अब्बा बसले होते. त्यांच्याकडे बघितलं तर ते गळ्यातल्या टेपनं डोळे पुसत होते.

सिनेमा संपला. बाहेर पडताना एक म्हातारे वारकरी अब्बांना म्हणाले, ‘मास्तर, ह्या शिनेमात आधी अरुण सरनाईक व्हता बरं का. वारीच्याच शिनेमाला निघाला अन् वाटंतच गेला. पोचलाच न्हाई.’

माझं हसू तिथंच थांबलं. तेव्हापासून हा सिनेमा मला वेगळा दिसतो. जो पडद्यावर दिसत नाही, त्याच्याबद्दल आज बोलायचं आहे.

अरुण सरनाईक हे नाव आजच्या तरुणांना कदाचित नुसतं ऐकून माहीत असेल. ४ मे १९३५ चा त्यांचा जन्म. कोल्हापूरकडचं घराणं आणि घरात गाणं. वडील शंकरराव सरनाईक संगीत रंगभूमीवरचे नामवंत गायक नट. काका निवृत्तीबुवा सरनाईक हे जयपूर-अत्रौली घराण्याचे थोर गवई. अशा घरातला मुलगा तबला, पेटी आणि गाणं घेऊनच नाटकात आला आणि नाटकातून सिनेमात. १९६१ च्या ‘शाहीर परशुराम’ मध्ये तो पहिल्यांदा दिसला आणि पुढच्याच वर्षी ‘रंगल्या रात्री अशा’ मध्ये नायक झाला. पुढची वीसेक वर्षं मराठी पडद्याला त्यांच्याशिवाय चैन पडलं नाही. ‘सवाल माझा ऐका’, ‘एक गाव बारा भानगडी’, ‘मुंबईचा जावई’, ‘घरकुल’. फेटा बांधला की पाटील, कोट चढवला की शहरातला साहेब. दोन्ही खरे वाटायचे.

‘घरकुल’ मधलं मुलांचं आणि आईवडिलांचं ते लाडकं गाणं तुम्हाला आठवत असेल. त्यातला वडिलांचा आवाज त्यांचाच. पडद्यावरचा बाप आणि गाणारा बाप एकच. आणि १९७९ साली जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’ मध्ये त्यांनी मुख्यमंत्री उभा केला. आवाज न चढवता, नुसत्या नजरेनं डाव खेळणारा. समोर डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारखी माणसं असताना हा मुख्यमंत्री कुठे कमी पडला नाही. तमाशापटातला देखणा नायक इतकं पक्कं काम करू शकतो, हे पुष्कळांना तेव्हा कळलं. वय चव्वेचाळीस. खरं म्हणजे नटाच्या आयुष्यातला दुसरा डाव इथून सुरू व्हायचा.

१९८४ साली दिग्दर्शक रमाकांत कवठेकर यांच्या ‘पंढरीची वारी’ चं काम सरनाईकांना घेऊन चालू होतं. २१ जून १९८४. ज्येष्ठाचा वद्य पक्ष होता. आळंदी-देहूहून पालख्या निघण्याचे दिवस. या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी सरनाईक पुणे-कोल्हापूर रस्त्यानं मोटारीनं निघाले होते. बरोबर पत्नी होती, मुलगा होता. वाटेत अपघात झाला आणि तिघेही गेले. सरनाईकांचं वय एकोणपन्नास. घरातली मुलगी तेवढी बरोबर नव्हती म्हणून मागे राहिली. पुढे अनेक वर्षांनी तिच्याच पुढाकारानं वडिलांवर एक माहितीपट झाला. त्याचं नाव ठेवलं ‘पप्पा सांगा कुणाचे’, म्हणजे ‘घरकुल’ मधल्या त्या गाण्याचंच. मी जास्त काही बोलत नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना कळेल.

आता सिनेमाचं काय झालं? हा प्रश्न माणूस गेल्यावर विचारणं कठोर वाटतं. पण सिनेमा हा एकट्याचा धंदा नाही. कवी गेला तर त्याची अर्धी कविता वहीत राहते, कुणाचा चुलीवरचा भात करपत नाही. सिनेमा अर्धा राहिला तर कॅमेरामन, रंगभूषाकार, दिवे उचलणारी पोरं, जेवण करणारे आचारी, कर्ज देणारा सावकार या सगळ्यांचा हिशेब अर्धा राहतो.

शिवाय सिनेमा ओळीनं तयार होत नाही. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी घेतात, पहिला प्रसंग महिन्यानं. नायक दारातून आत येतो तो बाहेरचा भाग एका गावात आणि घरातला भाग दुसऱ्या गावच्या स्टुडिओत. नायक मध्येच गेला तर हातात जे उरतं ते अर्धं पुस्तक नसतं. पानं फाटून इकडेतिकडे उडालेलं पुस्तक असतं. कुठे नायक दार उघडतोय आणि आत कुणीच नाही. कुठे नायिका उत्तर देतेय आणि प्रश्न विचारणारा नाही. त्यात त्या काळी बरेचदा आवाज नंतर स्टुडिओत बसून भरायचे. म्हणजे चेहरा आहे तर आवाज नाही, अशीही वेळ यायची.

आणि हा तर वारीचा सिनेमा. खरी वारी पडद्यावर आणायची तर वर्षातून एकदाच संधी, तीही अडीच-तीन आठवड्यांची. ती चुकली की पुढच्या ज्येष्ठापर्यंत थांबा. मराठी निर्मात्याची ऐपत तेव्हा किती होती? १९७५ पासून राज्य सरकारनं करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली होती. आधीच्या चित्रपटावर जमा झालेला कर निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी परत मिळायचा. त्या आधारावर कितीतरी मराठी सिनेमे उभे राहिले. म्हणजे एकाच्या खांद्यावर दुसरा. मधला एक कोसळला की रांगच मोडायची.

अशी वेळ आमच्या सिनेमावर पहिल्यांदा आली होती असं नाही. कोल्हापूरचेच मास्टर विनायक. नट आणि दिग्दर्शक दोन्ही. देश स्वतंत्र झाल्यावर चारच दिवसांनी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी ते गेले. त्यांचा ‘मंदिर’ हा चित्रपट अर्धा होता. तो दिनकर द. पाटील यांनी पुरा केला आणि १९४८ साली तो आला. त्यात बेबी नंदा होती, विनायकरावांची लहानगी मुलगी. हीच पुढे हिंदी पडद्यावरची नंदा झाली. बाप गेल्यावर बापाचाच अर्धा सिनेमा मुलीच्या हाताला धरून पुढे गेला.

मुंबईला गुरुदत्त १० ऑक्टोबर १९६४ रोजी गेले. वय एकोणचाळीस. त्यांच्या मागे दोन चित्रपट अडकले आणि दोघांचं नशीब अगदी वेगळं निघालं. ‘बहारें फिर भी आयेंगी’ मध्ये त्यांच्या जागी धर्मेंद्र आले, भूमिका नव्यानं चित्रित झाली आणि १९६६ साली सिनेमा लागलासुद्धा. दुसरा होता के. आसिफ यांचा ‘लव्ह अँड गॉड’. ‘मुगल-ए-आझम’ नंतर आसिफसाहेबांनी लैला-मजनूची गोष्ट हातात घेतली होती. मजनू गुरुदत्त, लैला निम्मी. गुरुदत्त गेले, काम थांबलं. काही वर्षांनी संजीवकुमारांना मजनू करून पुन्हा सुरू झालं. तर मार्च १९७१ मध्ये खुद्द आसिफसाहेबच गेले. पुन्हा सगळं डब्यात. शेवटी त्यांच्या पत्नी अख्तर आसिफ यांनी खटपट केली, निर्माते के. सी. बोकाडिया यांनी हात दिला आणि मे १९८६ मध्ये जमेल तसा जोडून तो सिनेमा लोकांसमोर आला. त्याच्या आधी सहा-सात महिने, नोव्हेंबर १९८५ मध्ये, दुसरा मजनू संजीवकुमारही गेले होते. पहिला मजनू गेला, दिग्दर्शक गेला, दुसरा मजनू गेला. लैला शेवटपर्यंत निम्मीच राहिली. उर्दू शायरीत मजनूला लैला कधी मिळत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण एखाद्या गोष्टीनं सांगणाऱ्यांचाही असा हिशेब चुकता करावा, याचं मला अजून नवल वाटतं.

संजीवकुमारांचेही सिनेमे अर्धे राहिलेच. ‘प्रोफेसर की पडोसन’ त्यांच्यामागे कितीतरी वर्षांनी लागला. त्यात त्यांच्या तोंडचे बरेच संवाद आपल्या सुदेश भोसले यांनी त्यांच्या आवाजात म्हटले आहेत. चेहरा गेलेल्याचा, आवाज मागे राहिलेल्याचा.

जगातही हेच. ब्रूस ली १९७३ साली गेला, त्याचा ‘गेम ऑफ डेथ’ त्याच्यासारखी दिसणारी माणसं उभी करून १९७८ साली आणला. पॉल वॉकर २०१३ साली मोटार अपघातात गेला, तेव्हा त्याच्या सख्ख्या भावांना कॅमेऱ्यापुढे उभं करून संगणकानं त्याचा चेहरा बसवला. आणि अलीकडची आपली गोष्ट. ऋषी कपूर एप्रिल २०२० मध्ये गेले. ‘शर्माजी नमकीन’ अर्धा होता. उरलेला भाग परेश रावल यांनी केला. काही लपवलं नाही, चेहरा बदलला नाही. एकाच माणसाचं काम एका प्रसंगात ऋषी कपूर करतात, दुसऱ्यात परेश रावल. सिनेमा सुरू व्हायच्या आधी मुलगा रणबीर येऊन हे सांगतो. २०२२ साली आलेला हा सिनेमा बघताना पहिली पाच मिनिटं अडखळायला होतं, मग आपण दोघांना एकच मानून पुढे जातो. प्रेक्षक इतका मोठ्या मनाचा असतो, हे सिनेमावाल्यांना उशिरा कळलं.

‘पंढरीची वारी’ च्या वेळी यातला एकच रस्ता मोकळा होता. नव्यानं करणं. संगणक नव्हता. सारखा दिसणारा माणूस उभा करावा तर सरनाईकांचा चेहरा महाराष्ट्रातल्या पोराटोरांनाही पाठ. सोडून द्यावं, असंही करता आलं असतं. कुणी नावं ठेवली नसती. पण कवठेकरांनी सोडलं नाही. चार वर्षांनी, १९८८ साली चित्रपट आला. नायक-नायिका होते बाळ धुरी आणि जयश्री गडकर.

इथे जरा थांबू. जयश्रीबाई म्हणजे कोण? चोवीस वर्षांपूर्वी, १९६४ साली, ‘सवाल माझा ऐका’ मध्ये सरनाईकांच्या बरोबर ज्यांनी अवघा महाराष्ट्र वेडा केला त्या. आता वय झालेलं, नऊवारी, कपाळाला बुक्का. जोडीदार गेला आणि त्याची राहिलेली वाट जुन्या जोडीदारिणीनं चालायला घेतली. बरोबर चालणारे बाळ धुरी हे तर त्यांचे खऱ्या आयुष्यातले पती. त्याच सुमारास दर रविवारी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं. त्यात दशरथ आणि कौसल्या हे दोघंच. आमच्या अब्बांना बाळ धुरी हे नाव कधी लक्षात राहिलं नाही. ते म्हणायचे, ‘दशरथ राजा वारीला निघालाय.’

आणि तो मुका मुलगा, सोबत चालणारा विठोबा. ते काम बकुळ कवठेकर या लहान मुलीनं केलं. काही न बोलता. जनाबाईंचा, विठ्ठलालाच चोर ठरवणारा अभंग या चित्रपटानं पुन्हा घराघरांत नेला. जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे आमच्याच मुलखातल्या, आणि नामदेवांच्या घरातल्या. माझ्यासारख्या कॉलेजकुमाराला तो सिनेमा भाबडा वाटला. पण आषाढी जवळ आली की टीव्हीवर कुठेना कुठे तो आजही लागतो आणि घरातल्या आज्या आजही पदर डोळ्याला लावतात. माझं हसणं कुठल्या कुठे विरून गेलं, सिनेमा टिकला.

पण एक गोष्ट मनाला लागून राहते. नव्यानं केलेल्या सिनेमात जुना माणूस दिसत नाही. ‘शर्माजी नमकीन’ मध्ये ऋषी कपूर दिसतात. ‘पंढरीची वारी’ मध्ये अरुण सरनाईक दिसत नाहीत. दरवर्षी लाखो माणसं हा सिनेमा बघतात आणि यासाठी निघालेला एक माणूस घरच्यांसह वाटेत संपला, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? आज म्हणतात की यंत्राला फोटो दिले की गेलेल्या माणसाला पुन्हा चालवता-बोलवता येतं. उद्या कुणी सरनाईकांना त्या वारीत आणून उभं करील. मला विचाराल तर करू नये. जो पोचला नाही त्याला पोचवल्याचं नाटक करण्यापेक्षा, तो निघाला होता एवढं सांगावं. तेवढं पुरे.

आमच्या गावच्या मातीला ही गोष्ट नवी नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे होते. नामदेव त्यांचे सोबती. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केलेली. परंपरा सांगते की त्यानंतर नामदेव आणखी चौपन्न वर्षं जगले. थेट पंजाबात घुमानपर्यंत चालत गेले. त्यांची एकसष्ट पदं शीखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. आणि एवढं चालताना ते सोबत्याला विसरले नाहीत. ज्ञानदेवांच्या समाधीचं वर्णन आपल्याला मिळालं ते नामदेवांच्या अभंगांतूनच. बरोबरीचा माणूस अर्ध्यात गेला तर दोन कामं मागे उरतात, एक वाट पुरी करण्याचं आणि दुसरं त्याचं नाव सांगण्याचं. सिनेमाच्या बाबतीत कवठेकर, जयश्रीबाई, बाळ धुरी यांनी पहिलं काम केलं. दुसरं तुम्हा-आम्हा बघणाऱ्यांचं आहे.

अब्बांची एक आठवण सांगून संपवतो. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं वारीला जायच्या आधी सदऱ्याचं कापड आणून दिलं होतं. परतवारीला येईन तेव्हा नेईन, म्हणाला. अब्बांनी कापड बेतलं, बाह्या कापल्या, कच्चे टाके घातले. तो माणूस वारीत आजारी पडला आणि परत आलाच नाही. अब्बांनी ते कापड फडक्यात बांधून पेटीत ठेवलं. मी म्हणालो, ‘अब्बा, याच्या पिशव्या तरी शिवा.’ ते म्हणाले, ‘बेतलेलं कापड दुसऱ्या कामाला लावत नसतात.’

पुढच्या परतवारीला त्या शेतकऱ्याचा मुलगा आला. वडिलांच्या जागी तो वारीला गेला होता. अब्बांनी त्याला बसवलं, गळ्यातला टेप काढून माप घेतलं. पोरगा बारीक अंगाचा होता. रात्री दिव्याखाली सगळे टाके उसवून अब्बांनी तो सदरा पुन्हा नव्यानं शिवला. सकाळी घालून बघायला सांगितला आणि शिलाई घेतली नाही. फक्त म्हणाले, ‘हे तुझ्या वडिलांचं कापड आहे, ध्यानात ठेव.’

अब्बा आता नाहीत. परवा घरात टीव्हीवर ‘पंढरीची वारी’ लागला होता. नातू शेजारी येऊन बसला. मी त्याला म्हणालो, ‘बेटा, या सिनेमात आधी अरुण सरनाईक होते.’

तो म्हणाला, ‘ते कोण?’

मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि त्याला सांगायला लागलो.